बाकाला फुटलं रक्त

त्या संध्याकाळी अजनीच्या आमच्या ख्रिस्ती मंदिरात उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. एरवी रविवारच्या उपासनेला मागचे बाक रिकामे असत आणि पाळकसाहेब त्या रिकाम्या बाकांकडे पाहून उपदेश करत. आता मात्र लोक खिडक्यांत चढून बसले होते. व्हरांड्यात सायकलींचा ढीग पडला होता. कामठीहून एक कुटुंब आजारी म्हाताऱ्याला खाटेसकट घेऊन आलं होतं. ही सगळी किमया ब्रदर येशूरत्न यांची. सन त्र्याहत्तर, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचे दिवस. ब्रदर कुठले, हे नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. रायपूरचे लोक म्हणत ते जबलपूरचे, आणि जबलपूरचे म्हणत रायपूरचे. रोज एका घरी त्यांना जेवायला बोलावत आणि त्या घरची कोंबडी कमी होई, एवढं मात्र खरं.

मी मंडळीच्या उपासनेत पेटी वाजवायचो. पेटीवाल्याची जागा मंचाच्या कडेला असते, त्यामुळे उपदेशकाचा चेहरा आणि पाठ दोन्ही त्याला दिसतात. म्हणूनच की काय, पेटीवाले फारसे भाविक नसतात. ब्रदरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भैया, मेरा दाहिना हाथ ऊपर गया, तो पेटी धीमी करना. तब आत्मा उतरता है." आत्मा काळी दोनच्या सुरात उतरतो की काळी चारच्या, हे मी काही विचारलं नाही.

प्रकार असा होता. आजारी माणूस पुढे येऊन गुडघे टेकायचा. ब्रदर एक पांढरा रुमाल दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवायचे आणि त्याच्या कपाळावर ठेवायचे. मग पितळी भांड्यातलं 'आरोग्याचं पाणी' शिंपडायचे. पाणी पडताच पांढऱ्या रुमालावर लाल रक्त फुटायचं.

"देखो, बीमारी निघून राहिली," ब्रदर गरजायचे. "पाप निघून राहिलं. आता कृपा पहा."

तोच रुमाल काचेच्या वाडग्यातल्या 'कृपेच्या पाण्यात' बुडवला की क्षणात पांढराशुभ्र. लाल पापं बर्फासारखी पांढरी होतील, असं पवित्र शास्त्रातलं वचन आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ते डोळ्यांसमोर घडताना पाहून बाया रडायला लागत. पुरुष खाली मान घालत. मी पेटी हळू करी.

त्या संध्याकाळी ब्रदरांनी सुमतीला पुढे बोलावलं.

सुमती आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली, सातवीतली मुलगी. तिचे वडील मधुकरराव रेल्वेत माझ्याच हापिसात, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. आई प्रमोदिनीबाई मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायच्या आणि रविवारी मंडळीतल्या मुलांची शब्बाथशाळा घ्यायच्या. सुमतीला लहानपणापासून मिरगी होती, झटके येत. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केल्यापासून ती एकदाही पडली नव्हती. पण गोळी कायम घ्यावी लागणार, हे मधुकररावांच्या मनात सलायचं. मुलगी मोठी होऊन राहिली, उद्या लग्न ठरताना हे सांगावं लागेल, असं ते मला म्हणायचे.

सुमतीच्या कपाळावर रुमाल लाल झाला. दोन-चार थेंब तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर पडले. ब्रदरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं, "मुलगी चंगी झाली. आता गोळी घेणं म्हणजे प्रभूला खोटं म्हणणं."

मधुकरराव गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडत होते. त्या माणसाला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. प्रमोदिनीबाई बाजूच्या बाकावर होत्या. घरी जाताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आनंद आहे. पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

"बरं," मधुकरराव म्हणाले.

रात्री जेवण झालं की सुमतीला गोळी देणं हे वडिलांचं काम होतं. गोळी, पाण्याचा पेला आणि मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. प्रार्थना चालू राहिली. पेला चालू राहिला. गोळी थांबली. "आईला सांगू नको, तिचा विश्वास कच्चा आहे," असं त्यांनी मुलीला बजावलं होतं.

आठवडाही झाला नसेल. सकाळी सुमती अंगणात वेणी घालत बसली होती, ती मागच्या मागे कोसळली. दगडी पायरी कपाळाला लागली. एक झटका संपतो तोच दुसरा. मी आरडाओरड ऐकून गेलो तेव्हा मधुकरराव तिच्याजवळ गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत होते आणि प्रमोदिनीबाई मुलीला कुशीवर वळवत होत्या.

"मनोहरराव, रिक्षा," त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, अगदी शांत आवाजात, "तुम्ही प्रार्थना रिक्षात करा. आता तिचे पाय धरा."

मेडिकलमध्ये झटके थांबायला दुपार झाली. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? प्रमोदिनीबाई म्हणाल्या, बंद नाही. मधुकरराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत, पण बोलले. "मी बंद केली."

प्रमोदिनीबाई डॉक्टरांनाच पुढचे उपचार विचारू लागल्या. माझ्या मते त्या दिवशी त्या नवऱ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ब्रदर वॉर्डात आले. खाटेजवळ उभे राहून, मुलीच्या देखत, त्यांनी निदान केलं. "घरात कुणीतरी संशय धरला. आईच्या अविश्वासानं दार उघडं राहिलं आणि दुष्टात्मा परत आत शिरला." मधुकरराव त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. ब्रदर गेल्यावर सुमतीनं आईचा पदर ओढला.

"आई, माझ्यात भूत आहे का गं?"

प्रमोदिनीबाई मला नंतर म्हणाल्या, "त्या माणसानं मला अविश्वासी म्हटलं ते मी सोडून दिलं असतं. पण माझ्या मुलीला हा प्रश्न पडायला लावला, ते मी सोडणार नाही."

युक्ती काय होती ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं. ते कळलं मोरीवर. सुमती वॉर्डात असताना त्या घरी येऊन साठलेले कपडे धुवायला बसल्या. थोड्या वेळानं कुंपणापलीकडून हाक आली, "मनोहरराव, जरा इकडे या."

बादलीत धुण्याचा सोडा होता आणि त्यांच्या हातात सुमतीचा तो पांढरा फ्रॉक. वाळल्यावर त्याच्यावरचे थेंब नाहीसे झाले होते, पण सोड्याचं पाणी लागताच ते जिथल्या तिथे पुन्हा फुलले होते. दिव्याच्या उजेडात लाल दिसलेला रंग दिवसा जांभळट गुलाबी होता. बाईंनी आत जाऊन लिंबू आणलं आणि एका डागावर पिळलं. डाग गेला. पुन्हा सोड्यात बुडवलं. डाग आला.

"मॅट्रिकच्या मुलींना मी दरवर्षी हे करून दाखवते," त्या म्हणाल्या. "फिनॉल्फ्थॅलिन. आम्ल की अल्क ते ओळखायचं औषध. स्पिरिटमध्ये विरघळवून रुमाल भिजवायचा आणि वाळवायचा, म्हणजे पांढराच दिसतो. आरोग्याचं पाणी म्हणजे सोडा. कृपेचं पाणी म्हणजे लिंबू नाहीतर शिरका."

"मग त्या दिवशी ओळखलं काहून नाही?" मी विचारलं.

"मुलगी माझी होती ना. मी रंग पाहत नव्हते, तिचं तोंड पाहत होते." फ्रॉक पिळत त्या पुढे म्हणाल्या, "आणि गंमत सांगू? दुकानात जुलाबाची गोळी मिळते, तिच्यातही हेच असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बादलीपुढे उभं केलं. मधुकररावांनी स्वतःच्या हातानं लिंबू पिळलं, स्वतःच्या हातानं फ्रॉक बुडवला. मग म्हणाले, "मंडळीत नको बोलू. पाळकसाहेबांना एकट्यात सांगू."

पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, एवढ्या वर्षांत मंदिर असं भरलं नव्हतं. ईस्टरपर्यंत ब्रदर जातीलच. मंडळीची शांतता मोडू नये."

"मंडळीची शांतता आणि माझ्या मुलीचा जीव, यांतलं काय मोडलं तर चालेल?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

रविवारी उपासनेतला उपदेश झाल्यावर ब्रदरांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. टेबलावर रुमालांच्या घड्या होत्या, भांडी होती. ब्रदरांचा उजवा हात वर गेला. मी पेटी हळू केली नाही, बंदच केली. त्या शांततेत प्रमोदिनीबाई उठल्या आणि चालत थेट मंचापाशी आल्या. त्यांनी टेबलावरचा एक रुमाल उचलला, उलगडून दोन्ही बाजूंनी दाखवला आणि पहिल्या बाकाच्या रिकाम्या जागेवर पसरला. ब्रदर पुढे सरकायच्या आत पितळी भांड्यातलं पाणी त्यावर शिंपडलं.

बाकाला रक्त फुटलं.

"ब्रदर," बाईंनी विचारलं, "या बाकाला कोणता आजार आहे?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ब्रदर सावरले. "या बाकावर पापी लोक बसत आले आहेत. त्यांचं पाप लाकडात मुरलं."

"तिथे दर रविवारी पाळकसाहेबांच्या घरचे बसतात," बाई म्हणाल्या.

आता हसू आवरलं नाही. पाळकसाहेब उठून उभे राहिले. "बाई, आपल्या जागेवर जा. मंडळीत स्त्रीनं असं पुढे येऊन..."

"बोलू द्या तिला."

हे मधुकरराव होते. पंचांच्या खुर्चीतून उठलेले, पण खुर्चीची पाठ घट्ट धरून. "पाळकसाहेब, मी पंच म्हणून सांगतो, तिला बोलू द्या."

बाईंनी पिशवीतून आपला एक रुमाल काढला आणि कपडे धुवायची साबणाची वडी. ओल्या वडीचा एक हात रुमालावर फिरवला. गुलाबी पट्टा उमटला. "हा रुमाल मी काल घरी तयार केला. ही वडी कोपऱ्यावरच्या दुकानातली. हिला कुणी अभिषेक केला?" मग त्यांनी शाळेत सांगतात तसं सगळं सांगितलं. औषध, स्पिरिट, सोडा, लिंबू. जुलाबाच्या गोळीचंही सांगितलं. "आपण ज्याला प्रभूच्या कृपेची खूण समजून रडलो, ते जुलाबाचं औषध होतं. रडल्याची लाज वाटून घेऊ नका. ज्यानं रडवलं त्याला वाटू द्या."

"इस बहन में विरोध का आत्मा है," ब्रदर ओरडले. "ही प्रभूला मानत नाही."

"मी मानते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "म्हणून त्याच्या नावावर खोटं बोलायची मला भीती वाटते. तुम्हाला वाटत नाही. सगळ्या अंतःकरणानं आणि सगळ्या बुद्धीनं देवावर प्रीती करा, हे मी शब्बाथशाळेत मुलांकडून पाठ करून घेते. बुद्धी दाराबाहेर चपलांजवळ ठेवून या, असं कुणी शिकवलेलं नाही. माझ्या मुलीत भूत नाही. तिला एक आजार आहे, त्यावर गोळी आहे, आणि ती गोळीही देवानं दिलेल्या बुद्धीनंच कुणीतरी शोधली आहे."

मधुकररावांनी खुर्ची सोडली आणि ते मध्ये आले. "यांनी सांगितलं म्हणून मी सुमतीची गोळी बंद केली. बायकोपासून लपवलं. पोरीलाही लपवायला लावलं. माझ्याकडे पाहून आणखी कुणी औषध थांबवलं असेल, तर त्यानं आजच सुरू करावं."

मागच्या भिंतीजवळून एक बाई उठली. जिजाबाई. ती आमच्या मंडळीची नव्हती, गर्दी ऐकून आलेली. "मंग माह्या घरच्याचं काय वं बाई? छातीचा टीबी हाय त्याले. या बाबानं त्याच्या सुया बंद करून टाकल्या. आता रक्त ओकून राहिला."

ब्रदर रुमाल गोळा करत होते.

उपासनेचा शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आधीच प्रमोदिनीबाई जिजाबाईला घेऊन निघाल्या. मधुकरराव रिक्षा बघायला पुढे पळाले, आणि मी पेटीला कुलूप लावून त्यांच्या मागे गेलो. जिजाबाईच्या नवऱ्याला आम्ही त्याच दुपारी मेडिकलला नेलं. तो वाचला, पण एक फुप्फुस गेलं ते गेलंच.

ब्रदर दुसऱ्या दिवशी गावातून नाहीसे झाले. छळ सोसावा लागला, असं म्हणत गेले. काही कुटुंबं त्यांच्या बाजूची झाली आणि मंदिरात यायची बंद झाली. पंचांनी सभा घेऊन प्रमोदिनीबाईंना माफी मागायला सांगितलं, परवानगीशिवाय बोलल्याबद्दल. "माफी कशाची ते लिहून द्या, मग विचार करते," त्या म्हणाल्या. कुणी लिहून दिलं नाही. त्यांची शब्बाथशाळा मात्र काढून घेतली. मुलं रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात येऊन बसू लागली. मधुकररावांनी पंचपद सोडलं. सुमतीला रात्रीची गोळी तेच देत, पण आता आईसमोर. नवरा-बायकोत पूर्वीसारखं बोलणं यायला पुढचा पावसाळा गेला.

जिजाबाईनं त्या दिवशी रिक्षात बाईंना विचारलं होतं, "मंग मी प्रार्थना करू का नोको?"

"कर. रोज कर. मीही करीन तुझ्यासाठी. पण सुई टोचून झाल्यावर करू. आणि या दोहोंतलं एकच कर असं जो सांगेल, त्याला घरात पाऊल ठेवू देऊ नको."

मी अजून पेटी वाजवतो आणि अजून फारसा भाविक नाही. पण श्रद्धा कशी असते, हे मला कुणी विचारलं तर मी त्या बाईचं नाव सांगतो. असे ब्रदर पुन्हा येतील. दुसऱ्या धर्माचे असतील, दुसऱ्या रंगाचं पाणी घेऊन येतील. त्यांच्यापुढे गुडघे टेकायच्या आधी त्यांचं सामान आपल्या हातात मागा, उलटून पाहा, हवे तेवढे प्रश्न विचारा. खऱ्या देवाला प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याजवळून आपलं लेकरू उचला आणि घरी चला.