चांदोलीचं फाटक

शीळफाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तेव्हा कुठे देवरामच्या लक्षात आलं, की आपली बायको मागच्या सीटवर बसली आहे.

चूक त्याचीच होती. पहाटे साडेपाचला ठाकुर्लीत सोसायटीच्या दारात त्याने सवयीने मागचं डावं दार उघडून धरलं होतं, आणि कांताही डब्याची पिशवी मांडीवर घेऊन तिथेच ऐसपैस बसली होती. पाहुण्यांना बसवतात ती जागा हीच, अशी तिची समजूत. इतक्या लांब गाडी आली तरी दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आता आरशात तिची नवी जांभळी साडी दिसली आणि देवरामला हसू आवरेना.

"अगं, पुढे ये की. मी काय तुझा ड्रायव्हर आहे?"

"मग कोण आहात?" कांता म्हणाली, पण सिग्नल सुटायच्या आत उतरून पुढे येऊन बसलीसुद्धा. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तिने वळून त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा वाजवायचं विसरला.

देवरामने एकतीस वर्षं गाडी चालवली होती, ती वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्याच्या मालकांची. मार्चमध्ये तो निवृत्त झाला. साहेबांनी शाल दिली, मॅडमनी मिठाई दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता देवराम कपडे करून, केस विंचरून तयार होऊन बसला, तेव्हा कांतानेच त्याला आठवण करून दिली की आता कुठे जायचं नाही. कांता अंगणवाडीत मदतनीस होती. तिच्या उभ्या हयातीतला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूर, तोही रेल्वेच्या गर्दीत उभ्याने. दोघांनी मिळून, फक्त फिरायला म्हणून, गावाबाहेर पाऊल टाकलेलंच नव्हतं. लेकीने, रचनाने, हे मनावर घेतलं. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाची जीप मोबाइलवरून ठरवली, राहायची सोय केली, आणि नवऱ्याची, महेंद्रची, गाडी शनिवार-रविवार वडिलांच्या ताब्यात दिली. महेंद्रने किल्ली देताना ब्रेक जरा सांभाळून मारा असं सांगितलं, तेव्हा रचनाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

चांदोली हे नाव कांतानेच सुचवलं होतं. देवराम तिथे एक नाही, चार वेळा जाऊन आलेला. तिथल्या गव्याच्या पायात पांढरे मोजे असतात, तिथला धनेश पक्षी उडाला की पंखांचा आवाज खाली माणसाला ऐकू येतो, वरच्या मनोऱ्यावरून धरणाचं पाणी डोंगरांच्या मधे मधे कसं शिरलेलं दिसतं, हे सगळं तो तिला कितीदा सांगत आलेला. कांता ते अंगणवाडीतल्या पोरांना सांगायची. शेजारच्या जागृतीवहिनींना तर तिने आठवडाभर आधी बजावून ठेवलं होतं, की आम्हाला गाइडची गरजच नाही, रचनाच्या पप्पांना तिथला दगड न् दगड माहीत आहे.

आणि इथेच सगळी पंचाईत होती. देवरामने चांदोलीचं फाटक पाहिलं होतं. फाटकाच्या आत तो एकदाही गेला नव्हता.

साहेबांच्या घरचे लोक जीपमधून आत जायचे आणि तो फाटकाबाहेर झाडाखाली गाडीपाशी थांबायचा. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर गप्पा रंगायच्या. ड्रायव्हरने मान वळवायची नसते आणि मधे बोलायचं नसतं, पण कान तर उघडेच असतात. मुलं काय म्हणाली, मॅडमना काय दिसलं, साहेबांनी फोनवर मित्राला काय सांगितलं, हे तो एकेक करून जमवत यायचा आणि घरी आला की कांता चपात्या लाटत असताना तिच्यापुढे मांडायचा. आधी प्रत्येक वाक्यात 'म्हणे' असायचं. गव्याला मोजे असतात म्हणे. एकदा कांताने लाटणं थांबवून, डोळे मोठे करून विचारलं, तुम्ही पाहिलेत? तिचा तो चेहरा बघून मी पार्किंगमध्ये झोपलो होतो हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो हो म्हणून गेला. त्या दिवसापासून 'म्हणे' गळालं ते गळालंच. मग महाबळेश्वर झालं, ताडोबा झालं, सगळीकडे देवराम आत जाऊन आला.

त्यामुळे आज त्याच्या मनात दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. आपण खरोखर आत जाणार, या कल्पनेने तो तीन रात्री नीट झोपला नव्हता, शाळेच्या सहलीला जाणाऱ्या पोराचे हाल असतात तसे त्याचे झाले होते. आणि आत गेल्यावर कांताने काही विचारलं, रस्ता कुठला, मनोरा कुठे, तर आपलं पितळ उघडं पडणार, ही धाकधूकही होती. बायकोच्या डोळ्यांतून उतरणं त्याला परवडणारं नव्हतं. जगात त्याला मोठा माणूस मानणारी ती एकटीच होती.

पनवेल सोडलं तरी तो नुसता हो आणि बरं एवढंच बोलत होता. कांताने त्याला फैलावर घेतलं. मी काय मॅडम आहे का, मान हलवायला? मग त्याची जीभ सुटली. घाटात ढग खाली उतरलेले, डिसेंबरची कोवळी थंडी, रस्ता मोकळा, आणि शेजारी कांता उकडलेली अंडी सोलून एकेक त्याच्या हातात देते आहे. इतकी वर्षं याच रस्त्याने येऊन आपण रस्ता सोडून काही पाहिलंच नव्हतं, असं त्याला वाटलं. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलवर जेवायला थांबले, तेव्हा त्याचे पाय आपोआप मागच्या अंगाला, ड्रायव्हर लोक जेवतात तिकडे वळले. कांताने शर्ट धरून त्याला खिडकीजवळच्या टेबलावर आणून बसवलं. तिला वाटलं, हा हात धुवायला चालला होता.

संध्याकाळी उद्यानाजवळच्या गावात पोचले. ज्यांच्याकडे उतरायचं त्यांनी गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. कांता जेवता जेवता त्या घरच्या बाईला गव्याच्या मोज्यांविषयी सांगत राहिली आणि ती बाई, जन्म तिथेच गेलेली, कौतुकाने ऐकत राहिली. देवरामने मान खाली घालून भाकरी संपवली.

सकाळी सातला फाटकापाशी जीप उभी होती. सोबत होता धोंडिबा नावाचा पन्नाशीचा माणूस, चालवणारही तोच आणि दाखवणारही तोच. तो कागद दाखवायला आत गेला आणि ही दोघं समोरच्या टपरीवर चहाला थांबली. टपरी होती रखमाबाईची. तिला देवरामने लांबूनच ओळखलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. पण त्या बाईची नजर घारीची.

"आवो, ठाण्याचं ड्रायव्हर न्हवं तुमी?" ती खुशीत म्हणाली. "त्या तितं झाडाखाली दिसभर बसायचा. मी म्हनायची, जावा की वो आत, गाडी काय पळून जाती का? एकदाबी गेला न्हाईसा. आज बरं मालकिनीला घिऊन आलाय."

रखमाबाईने दोन कप पुढे केले, पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. कांताने चहा शांतपणे प्यायला. कप खाली ठेवला, पदर सावरला आणि मागे न बघता जीपकडे चालू लागली. देवरामला वाटलं, आता जीपने आत जाऊन काय उपयोग, परत फिरावं.

पण धोंडिबाने हाक मारली आणि तो चढला. जीपच्या मागच्या सीटवर, बायकोच्या शेजारी. मागे बसायची सवय नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. फाटक उघडलं आणि मागे पडलं. दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आली. ओल्या पाल्याचा वास, पानांमधून खाली सांडणारं ऊन, आणि कुठेतरी शेकरूचा टकटक आवाज. भीती होतीच, पण मन काही जागेवर राहीना. तो या बाजूला बघायचा, त्या बाजूला बघायचा. कांता सरळ समोर बघत होती.

अर्ध्या तासाने धोंडिबाने जीप हळूच थांबवली आणि बोट केलं. पन्नास पावलांवर गवा उभा होता. काळाभोर, डोंगराचा तुकडा सुटून आल्यासारखा. गुडघ्यांखाली चारही पाय पांढरे.

देवराम सगळं विसरला. त्याने कांताचं मनगट घट्ट धरलं.

"कांता, मोजे बघ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "खरंच मोजे आहेत गं."

कांताने गव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं. गवा रमतगमत झाडीत शिरला, जीप सुरू झाली, आणि मग ती बोलली.

"एकतीस वर्षांत त्यांनी तुम्हाला एकदाही आत नेलं नाही?"

तो खोटेपणाबद्दल शिव्या खायच्या तयारीत बसलेला. हे त्याला अनपेक्षित होतं. त्याने साहेबांची बाजू घेतली, तशी तो नेहमीच घ्यायचा. माणसं वाईट नव्हती. कुणी जा म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि आपण तरी कसं विचारायचं? गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवंच असतं.

"आणि मी लोकांना सांगत फिरले," कांता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. राग होता, पण तो त्याच्यावर नव्हता. झाडाखालच्या त्या रिकाम्या दिवसांवर तो राग होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला समजत नव्हतं. तिने तोंड बाहेर वळवलं. मनगट मात्र सोडवून घेतलं नाही.

वर सड्याजवळ, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारापाशी, वनखात्याची चौकी होती. जीप तिथवरच. पुढे मनोऱ्यापर्यंत वीस मिनिटं खडी चढण, धोंडिबाने सांगितलं. कांताने चढणीकडे पाहिलं आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. अंगणवाडीच्या पोरांमागे खाली-वर बसून ते केव्हाच झिजले होते.

"राहू दे," देवराम लगेच म्हणाला. "मी पण थांबतो गाडीपाशी."

"आज मी थांबते गाडीपाशी," कांता म्हणाली. "तुम्ही जा."

तो घुटमळला. तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, स्वेटरची वरची गुंडी लावून दिली आणि अंगणवाडीत पोरांना पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतात तसं ढकललं. देवराम निघाला. पहिल्या वळणापर्यंत त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मग मात्र त्याने मागे पाहिलं नाही. धोंडिबा दमला, पण अठ्ठावन्न वर्षांचा देवराम झपाझप चढत राहिला.

मनोऱ्यावर वारा जोराचा होता. खाली धरणाचं पाणी होतं, डोंगरांच्या मधे मधे शिरलेलं, आणि डोंगरांच्या मागे डोंगर, त्यांच्या मागे आणखी डोंगर, शेवटचे तर आभाळाच्याच रंगाचे. डोक्यावरून धनेश गेला आणि पंखांचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. मागच्या सीटवरच्या लोकांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण आता जे जाणवत होतं, त्यातलं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. कांताला काय सांगायचं म्हणून तो सवयीने वाक्यं जुळवू लागला आणि एकही जुळेना. कठड्याला धरून तो नुसता उभा राहिला.

उतरताना तो जवळजवळ धावतच आला. कांता जीपमध्ये ताठ बसून वाटेवर डोळे लावून होती. इतका वेळ ती हलली नव्हती, असं चौकीतल्या बाईने नंतर सांगितलं.

"काय काय दिसलं?" तिने विचारलं.

देवरामने वर मनोऱ्याकडे हात केला.

"मला सांगता येत नाही गं," तो म्हणाला.

कांता पलीकडे सरकली. शेजारच्या सीटवर तांबडी धूळ बसली होती. ती तिने पदराने दोनदा नीट पुसली, आणि तो येऊन बसेपर्यंत हात तिथेच ठेवून थांबली.