चौथ्या तारेची दुरुस्ती

चौथी

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बेकरीवाल्याचा मेसेज आला.

"ताई, युकुलेलेच्या चौथ्या तारेचा सूर चुकलाय. पाच वाजता घेऊन येतो. साडेसहाला वाचनालयात वाजवायचंय."

पियानो लावून देणाऱ्या बाईनं तो तीनदा वाचला. तीस वर्षांत तिला लोक काय काय म्हणाले होते. उशीर करता म्हणाले, शिंकता फार म्हणाले, एकीनं तर पियानोखालची धूळ तशीच ठेवली म्हणून तोंडसुख घेतलं होतं. पण सुराला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती.

आणि ही तार तिनं स्वतः बसवली होती. स्वतः लावली होती. सकाळी देताना पुन्हा वाजवून पाहिली, तर कशी लोण्यासारखी.

"तोंड का उतरलं?" आईनं विचारलं. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती.

"गिऱ्हाईक म्हणतंय सूर चुकलाय. मला तर बरोबर वाटला."

आईचे हात थांबले. मग ती हळूच म्हणाली, "अण्णांनाही आधी गिऱ्हाइकंच चुकीची वाटायची."

तिसरी

आता दोन दिवस मागे जायला हवं.

गुरुवारी बेकरीवाला युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, घेऊन आला तेव्हा दारात अंधार पडला. सव्वासहा फूट उंच, पावाचं पीठ मळून मळून दंड भरलेले, आणि त्या पंजात ते एवढंसं वाद्य म्हणजे हत्तीच्या सोंडेत शेंगदाणा.

"ताई, चौथ्या तारेची खुंटी घसरते. तेवढी घट्ट करा."

"मी पियानोवाली आहे हो."

"या रस्त्यावर दुसरं कोण आहे? चपलावाल्याकडे जाऊ?"

खुंटीचा स्क्रू आवळायला दोन मिनिटं लागली. तिथंच हात आवरला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण तिनं चारही तारा छेडल्या, वरून खाली, हनुवटीकडच्या चौथीपासून गुडघ्याकडच्या पहिलीपर्यंत. दुसरी तिसरीपेक्षा चढी, पहिली दुसरीपेक्षा चढी, हे ठीक. पण चौथी? सगळ्यात खालच्या सुराची असायला हवी ती, आणि बसली होती जवळजवळ पहिलीच्या मांडीला मांडी लावून.

तिला त्या माणसाची कीव आली. बिचाऱ्यानं चुकीची तार विकत घेतली, आणि कुणी सांगितलंही नाही.

पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात आणि एकही पट्टी रांग सोडून बसत नाही. डावीकडे खालचा सूर, उजवीकडे वरचा. तीस वर्षं त्या रांगेत गेलेल्या माणसाला रांग मोडलेली दिसली की हात शिवशिवतात. ड्रॉवरमध्ये गिटारची एक तार पडली होती, चंदेरी गुंडाळीची, जाड. ती तिनं चौथीच्या जागी चढवली आणि 'जी' या सुरावर आणली. खालचा 'जी', भारदस्त. आता चारही तारा जिना चढल्यासारख्या वाजल्या. काढलेली बारीक तार तिनं वेटोळं करून बाजूला ठेवली, आणि शनिवारी सकाळी वाद्य हातात देताना "सूरही ठीक करून दिलाय" असं वर सांगितलं. बेकरीवाल्याचा ओव्हन तापला होता. तो न वाजवताच पळाला.

दुसरी

अडीच. ट्यूनिंग फोर्क उजव्या कानाशी. ऐकू येतो. डाव्या कानाशी. ऐकू येतो. हात लांब करून. येतो, पण तो वाजतोय हे माहीत असल्यामुळे येतोय की काय?

पावणेतीन. कामाच्या खोलीतल्या जुन्या पियानोची शेवटची उजवी पट्टी. टिक्. स्वच्छ.

तीन. गेल्या आठवड्यातल्या शाळेला फोन. "पियानो कसा वाजतोय?" शिपाई म्हणाला, "मस्त. का, काही राहिलंय का तुमचं?" त्यानं जिवाला थंडावा मिळेना. शिपाई तर अण्णांच्या शेवटच्या वर्षीही मस्तच म्हणत होते.

अण्णा म्हणजे तिचे वडील. हाच धंदा, हीच खोली, हीच हत्यारं. चौपन्नाव्या वर्षी गिऱ्हाइकं म्हणू लागली, वरचे सूर बोचतात. अण्णा म्हणायचे, लोकांचे कान बिघडलेत. वर्षभर भांडले. ज्या कानानं तपासायचं तोच कान गेला तर माणसाला कळणार कसं? ती आता त्रेपन्नची होती.

सव्वातीन. आईनं एक मटार ताटलीत टाकला. "हा ऐकलास?"

"आई, पुरे."

"अगं, विचारतेय."

"ऐकला."

"मी टाकलाच नाही," आई म्हणाली, आणि लगेच कासावीस झाली. "टाकला गं, टाकला. चेष्टा केली. मेली सवयच वाईट."

चार. कान गेला तरी पियानोच्या पट्ट्या पॉलिश करता येतील. आतले फेल्टचे तुकडे कापून देता येतील. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. तिनं मनात दोन नावं काढली आणि दोन्ही खोडली. एकाला तिनंच शिकवलं होतं.

पहिली

बेकरीवाला पाचला दहा कमी असताना आला. अंगाला पावाचा वास, भुवईवर मैदा. तिनं त्याला बसा म्हटलं नाही. आई दाराशी येऊन उभी राहिली.

"वाजवा," ती म्हणाली.

त्यानं जाड तार छेडली.

"हा 'जी' आहे," ती म्हणाली.

"आहेच की."

"मग?"

"'जी'च आहे हो, सूर तपासायचं मशीनही तेच दाखवतं. पण खालचा आहे. मला वरचा लागतो."

"पुन्हा सांगा."

"एक सप्तक वरचा. आधी होता ना, तो."

"म्हणजे मी लावलाय तो सूर बरोबर आहे?"

"सूर तर काट्यावर आहे ताई. जागा चुकलीय."

ती स्टुलावर बसली. छातीवरची धोंड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं पदराचं टोक तोंडाला लावलं होतं.

"पण वरचा का?" तिनं विचारलं. खरं तर आता त्यानं दोन तास काहीही सांगितलं असतं तरी ती ऐकत बसली असती.

"मूळच तसं. पोर्तुगीजांचं एक बेट आहे, मदेरा. तिथले लोक जहाजात बसून हवाईला गेले, उसाच्या मळ्यांवर कामाला. अठराशे एकोणऐंशी साल. त्यांच्यात काही सुतार होते, लाकडी सामान बनवणारे. तिकडे त्यांनी आपल्या छोट्या गिटारी बनवायला घेतल्या, त्यातून हे निघालं. आकार एका वाद्याचा, सूर दुसऱ्याचे, असं म्हणतात. नावाचा अर्थ उड्या मारणारी पिसू."

"पिसू?" आई म्हणाली. "वाद्याला?"

"वाजवणाऱ्याची बोटं तशी उडतात म्हणे, आजी. माझी बोटं बघून कुणी पिसू म्हणणार नाही."

बाजूला ठेवलेली बारीक तार घेऊन ती कामाला लागली होती. नवी गाठ, खुंटीला तीन वेढे. नायलॉन ताणतं, पुन्हा उतरतं, पुन्हा चढवायचं. तो बोलत राहिला. काही जण मुद्दाम जाड तार लावतात, त्यांना ब्लूजसारख्या गाण्यांत खालच्या सुरांपर्यंत उतरायचं असतं. चूक नाही त्यात. पण त्याला घंटेसारखं वाजवायचं होतं.

"घंटेसारखं म्हणजे?"

तार लागल्यावर त्यानं दाखवलं. एकेक सूर वेगळ्या तारेवर, म्हणजे पुढचा लागला तरी मागचा मिटत नाही. चौथी आणि पहिली शेजारणींसारख्या एकमेकींच्या बोलण्यात बोलत होत्या. मग तेच सूर त्यानं नाचाच्या ठेक्यात घेतले, तळव्यानं तारा दाबत. मग रेगेच्या तालात, ठोका सोडून मधल्या जागी. आईचा पाय हलू लागला. मग एकदम संथ, चर्चमधल्यासारखं, आणि त्यात तिला एकेक सूर सुटा ऐकू आला, अगदी शेवटचा, विझत गेलेला, रस्त्यावरच्या स्कूटरच्या आवाजाखालचासुद्धा.

"दुसरी जरा उतरलीय," ती म्हणाली.

त्यानं कान जवळ नेला. "मला नाही कळत."

"उतरलीय." तिनं खुंटी केसभर फिरवली. "आता?"

"हां. आता कळलं, की मघाशी कळत नव्हतं."

तो घाईनं निघाला. साडेसहाला वाजवायचं होतं. दारातून वळून म्हणाला, "ताई, तुम्ही सकाळी सूरही ठीक केला म्हणालात तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

"चूक माझीच," ती म्हणाली. "शंभर टक्के माझी. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ तार बदलली. उंटावरची शहाणी."

"चूक कबूल करताना एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नाही," तो म्हणाला आणि गेला.

आईनं मटाराची ताटली उचलली. मग आई म्हणाली, "वाचनालयात जायचं का? चपला घालते."

"तुला युकुलेले कधीपासून आवडायला लागलं?"

"मला कुठं? तू ऐकशील, मी तुझ्याकडे बघत बसेन."