दोर सुटल्यावर

ह्यूस्टनच्या प्रशिक्षण केंद्रात एक खोली आहे. तिथे खुर्चीला बांधतात, डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवतात आणि आम्हा अंतराळवीरांना अंतराळात फेकून देतात. दोर तुटलेला, स्थानक दूर चाललेलं, पाठीवरच्या जेटमध्ये थोडासा वायू. या परत! चित्र खोटं असतं, पण गरगरणं खरं वाटतं.

मी आले परत, पण जेमतेम. गरगरणं थांबवलं आणि मग बराच वेळ नुसती तरंगत राहिले. पायांखाली पृथ्वीवरचं निळं आखात, बाकी सगळीकडे काळोख, आणि मला कशालाही धरून राहायची गरज नव्हती. काय सुख होतं ते!

प्रशिक्षक वर्न टिडवेलने माझा चष्मा काढला. पुढच्या महिन्यात मला यानाबाहेर कामाला पाठवायचं की नाही, हे त्याच्या हातात.

“मार्लिस, घाबरून गोठलीस ना? होतं गं असं. अहवालात चित्र अडकलं होतं म्हणून लिहितो. उद्या पुन्हा घेऊ.”

“चित्र ठणठणीत होतं. मी बघत बसले होते.”

त्याने नाडीचा आलेख पुढे सरकवला. “तेच तर! फेकल्यावर तुझी नाडी उलट मंदावली. घाबरणाऱ्यांची मला काळजी नाही, ते जीव खाऊन परत येतात. तुला नाही पाठवणार मी.”

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे खोटं बोलले तर जाणार, आणि खरं बोलले तर घरी बसणार? वा रे न्याय!”

वर्नने बर्फ घातलेल्या चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “मी यानाबाहेर गेलो होतो, तेव्हा हातात धरलेली यानाची कडी सोडून द्यावीशी वाटली होती. दोरही. पुन्हा कधी बाहेर जायचं नावच काढलं नाही. लोकांना वाटतं, टरकलो.”

“टरकलासच. स्वतःला. फेक मला पुन्हा. वायू अजून कमी कर.”

“फार आगाऊ आहेस.”

“आहेच. फेक.”

त्याने चष्मा पुन्हा चढवला आणि न सांगता फेकलं. या वेळी दुप्पट गरगरले. थांबवलं. खाली पुन्हा तेच निळं आखात.

“मोह होतोय, वर्न,” मी मोठ्याने म्हटलं. “भयंकर मोह होतोय. भीतीही वाटतेय. आणि मी वळतेय.”

स्थानक नखाएवढं दिसत होतं. जेटचा एक झटका, मग वाट बघणं, मग दुसरा झटका. स्थानकाची कडी हाती आली तेव्हा वायू संपत आला होता आणि मी घामाने निथळत होते.

“पास,” वर्न म्हणाला.

मी पट्टे सोडून उठले. “आता तू बस.”

“वेड लागलंय का? माझं वय बघ.”

“बस म्हटलं ना!”

तो बसला. पट्टे मीच आवळले. चष्माही मीच चढवला.

“आणि मी परत आलो नाही तर?”

“गुपचूप यायचं,” मी म्हटलं आणि कळ दाबली.