दुखायचं थांबलं

भिंगरीने दुसरी वीट खाटेच्या पायाखाली सरकवली. पायथा उंच झाला, बाबा उशाकडे घसरले आणि दात आवळून म्हणाले,

"झालं? का आता उलटा टांगणार आहेस?"

"सिस्टरांनीच सांगितलंय," ती ऐटीत म्हणाली. सकाळपासून वॉर्डातली सगळी खबरबात तिच्याकडेच होती. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावाहून निघालेत, सर्जन बाई एका अडलेल्या बाळंतिणीत गुंतल्यात आणि तोवर बाबांच्या जांघेतल्या गाठीला कुणी बोटही लावायचं नाही.

गाठ जुनीच, हर्नियाची, पोती उचलून उचलून आलेली. बाहेर आली की बाबांचा धाकटा भाऊ, तोही हमालच, अंगठ्याने दाबून आत बसवायचा. घरात तिचं नावच 'पाहुणी' पडलं होतं. पण या खेपेला पाहुणी कालपासून ठाण मांडून बसली होती. दगडासारखी टणक, वरची कातडी जांभळी.

काका आला. त्याने गाठ पाहिली आणि बाह्या सरसावल्या.

"काका, हात नाही लावायचा."

"तू जन्मायच्या आधीपासून बसवतोय मी. मला शिकवतेस? जा, पाणी आण."

ती नळावर असतानाच बाबांची किंकाळी आली. तांब्या तिथेच टाकून ती धावली. बाबा चक्क हसत होते. जांघ सपाट.

"गेलं बघ दुखणं. जादूगार आहे माझा भाऊ. चला, घरी."

भिंगरी उड्या मारतच सिस्टरांकडे पोचली. "सिस्टर, गाठ आत गेली. ऑपरेशन रद्द."

सिस्टर हसल्या नाहीत. हातातलं बँडेज तसंच टाकून त्या नुकत्याच मोकळ्या झालेल्या सर्जन बाईंना बोलवायला गेल्या.

बाईंनी बाबांचं पोट चाचपलं. "गाठीवरची कातडी कशी दिसत होती?"

काकाने बाह्या खाली ओढल्या.

"जांभळी," भिंगरी म्हणाली.

"त्या गाठीत आतडं आवळलं गेलं होतं. ते मेलं असेल, तर आता पोटात फुटेल. वाट बघायला वेळ नाही. कमरेत भूल मीच देते. ट्रॉली आणा."

बाबांना ट्रॉलीवर घेतलं, तसा काका आडवा आला. "बऱ्या झालेल्या माणसाला कापू देणार नाही मी. दादा, दुखतंय का तुला?"

"कुठे काय. चहा पिऊ आणि निघू." बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी तो पुसलाही नाही.

भिंगरीने काकाकडे पाहिलं. तो अंगठा सदऱ्याला पुन्हा पुन्हा घासत होता.

"काका, सरक."

तिचा आवाज मोठा नव्हता. तो सरकला. तिने दांडी धरली आणि ढकलायला लागली.

"हळू गं," बाबा म्हणाले, "पोतं आहे का मी?" आणखी काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. हात सावकाश पोटाकडे गेला.