हँडलचं अभ्यंग

स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली, पण डोंबिवलीच्या हरिहरपंतांच्या घरात अजून हरिहरपंतांचंच राज्य होतं. लेक उत्तराच्या लग्नात जावयाला सायकल कबूल केलेली. ती पहिल्या दिवाळसणाला देणं भाग होतं. नवी घेणं पंतांच्या तत्त्वात बसेना, म्हणून त्यांनी स्वतःचीच बाहेर काढली. हँडलवरचा क्रोमचा मुलामा खरजेसारखा उठला होता.

"काळा रंग देतो. विलायतेत हीच फॅशन आहे," पंत म्हणाले. त्यांची विलायत कल्याणच्या पुढे कधी गेली नव्हती.

त्यांच्या पत्नी वासंतीबाईंना मात्र वेगळीच धास्ती. ठाण्याच्या विहीणबाई आहेराची वाटीसुद्धा उलटी करून बघणाऱ्या. सायकलीत खोट निघाली, तर बोलणी उत्तरालाच खावी लागणार.

पंतांनी घासलं मात्र मन लावून. पॉलिशपेपरने सुटलेले पोपडे काढले, गंज काढला, उरलेली चकाकीही मारली आणि राकेलने सगळं पुसून घेतलं. इथंच थांबते तर शहाणे ठरते. पण नरकचतुर्दशी उजाडली. स्वतःच्या अंगाला लावून उरलेलं तेल त्यांनी हँडलला चोळायला घेतलं.

"अहो, हे काय?"

"अभ्यंग! आज घरात कोणी कोरडं राहू नये. शिवाय तेलानं गंज धरत नाही."

"आणि रंग धरेल? तेलकट तव्यावरचं धिरडं कसं आपसूक सुटतं, पाहिलंय कधी?"

"तुझं शास्त्र चुलीपुरतं."

पंतांनी धोतराच्या सोग्याने हँडल टिपलं, लाल अस्तराचा रंग चढवला, वर काळा रंग दिला. पाडव्यापर्यंत ते असं झळकलं, की पंत त्यात मिशी निरखू लागले.

ओवाळणी झाली. जावई सुधीरराव ऐटीत सायकलीवर बसले, गल्लीच्या टोकाशी गेले आणि सायकल ढकलत परत आले. दोन्ही तळहातांवर काळे-लाल पापुद्रे.

"मामा, हे निघालं."

"तुमची पकडच जबरदस्त!" पंत म्हणाले.

सुधीररावांना हसू आलं नाही. "आता आईला काय दाखवू?"

उत्तरा पदर खोचून पुढे आली. "काही दाखवू नका. बसा खाली, परत घासू. आई, सोडा नि कढत पाणी दे."

"मी घासू? दिवाळसणाला?"

"मग न्या अस्संच. मी येईन मागून, कोणीतरी रंगवून दिल्यावर."

एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. सुधीररावांनी थोडा वेळ दोन्हीकडचं वजन करून पाहिलं, मग सदरा काढून खुंटीला टांगला आणि पॉलिशपेपर हातात घेतला.

पंत उंबऱ्यात उभे राहून सूचना करू लागले. असं नव्हे, गोल घासा. जोर मनगटात हवा.

सुधीरराव मान वर न करता म्हणाले, "मामा, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

वासंतीबाईंनी करंज्यांचं ताट जावयाकडे सरकवलं.