चौथ्या दिवसाचा चेहरा

बबी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी जरा वाकवून द्यायची, समोर आरसा धरायचा. इतक्या जवळ उभं राहिलं की लोक आरशाआधी तिच्याच गालांकडे बघत. सोळाव्या वर्षी उठलेल्या मुरमांनी तिथे खड्डे पाडून ठेवले होते. तिशी उलटल्यावर एकदाची तिने हिंमत केली आणि चेहऱ्याची साल काढून घ्यायला ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"वरवरची नाही, मधल्या थरापर्यंत जाणार," बाईंनी आधीच सांगितलं. "अ‍ॅसिडच असतं ते. आठ दिवस घरात राहा. चौथ्या दिवशी स्वतःला बघून दचकाल, पण साल ओढायची नाही. जोरात हसायचं नाही, ओरडायचं नाही."

बाईंनी औषध फिरवलं तसे गाल चुन्यासारखे पांढरे पडत गेले. कुणी चेहऱ्यावर तापलेला तवा टेकवावा तशी आग. बबीने खुर्चीचे हात गच्च धरले. मास्तरच्या मारापेक्षा हे बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं. इथे निदान 'आता दोनच मिनिटं' म्हणून सांगणारं कुणी होतं.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर नेली तरी त्याचा आवाज चढत नसे. दिवसभराचा राग तो घरी आणायचा. गेल्या वर्षी त्याने बबीची करंगळी मागे वाकवून मोडली. त्याआधी दोन फासळ्या. "करंगळी दारात सापडली," असं तिने दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, सांगितलं होतं. दादा वेल्डर होता. त्याने आधी करंगळी बघितली, मग दार बघितलं, आणि चहा न घेताच निघून गेला. बबीने खोटं सांगितलं ते नवऱ्याला वाचवायला नव्हे. दादाचा हात एकदा सुटला की आवरत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी चेहरा खरोखरच बघवत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन फटी, गाल काळपट तपकिरी, सुकलेल्या चिखलासारखे तडकलेले. दुपारी घंटी वाजली. मलम घेऊन औषधवाला आला असेल म्हणून तिने दार उघडलं, तर समोर दादा. एका हातात स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी, दुसऱ्यात हत्यारांची पिशवी. तो पुढच्या आठवड्यात येणार होता, पण काम लवकर झालं म्हणून आधीच आला. आणि माहेरी तर बबीने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, चेहरा बरा झाल्यावरच दाखवू म्हणून.

"बबे," दादा एक पाऊल आत आला. "कुणी केलं हे?"

"काही नाही रे दादा, डॉक्टरांकडे..."

"दारात सापडलीस?"

तेवढ्यात मास्तर जेवणाच्या टेबलावरून उठून तोंड पुसत पुढे आला. "बघा, बघा तुमच्या बहिणीचं थोबाड!" तो हसला. "भोग म्हणावं आता!"

दादाने जाळी हळूच भिंतीला टेकवून ठेवली. ठोसा बबीला दिसलाच नाही, फक्त मास्तर टेबलावर कोसळलेला दिसला. ताटवाट्या खाली गेल्या. दादाने त्याचा उजवा हात मनगटाशी धरून टेबलावर दाबला आणि पिशवीतून हातोडा काढला.

"याच हाताने ना?"

"अहो, मी काही नाही... तिला विचारा!" मास्तर किंचाळला.

हातोडा पडला. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मास्तरने बबीकडे बघितलं. "सांग ना! सांग त्याला!"

बबी नुसती उभी राहिली. तोंडात शब्द तयार होते. ओरडायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, पण ती सबब तिने नंतर कधी स्वतःलाही दिली नाही. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. बोटं कुठली आणि टेबलावर सांडलेलं कालवण कुठलं, ते कळेनासं झालं. मग हातोडा मास्तरच्या डोक्यावर उगारला गेला, तेव्हा तिने दादाच्या मनगटावर झेप घेतली.

"दादा, हे त्याने नाही केलं! डॉक्टरीणबाईंनी औषध लावलंय, मीच लावून घेतलंय!"

गालावरची खपली टरकन फाटली आणि रक्त हनुवटीपर्यंत आलं. दादा थिजला.

"आणि करंगळी?"

"ती त्यानेच मोडली. फासळ्याही."

दादा जमिनीवर बसला आणि त्याने हातोडा स्वतःच दूर सरकवला. रुग्णवाहिका बबीने बोलावली, पोलीसही तिनेच. जबाब लिहिणारा हवालदार तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना, तेव्हा तिने बाईंचा कागद पुढे केला. "चेहऱ्याचं माझं मी केलंय. तुम्ही बोटाचं लिहा."

मास्तरला त्या हाताने पुन्हा गिअर टाकता आला नाही. दादाला तीन वर्षांची शिक्षा झाली. बबीने मास्तरविरुद्ध केलेली तक्रार तारखांवर तारखा घेत राहिली. तिचा चेहरा खूपच नितळ झाला, फक्त फाटलेल्या जागी बोटभर लाल वण राहिला. ती दादाच्याच घरी, वहिनीजवळ राहू लागली.

वहिनी चांगली वागत होती. एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिने विचारलं, "त्या दिवशी तू गप्प किती वेळ होतीस गं?"

बबीला खोटं बोलता आलं असतं. "पहिला घाव थांबवायला वेळच नव्हता," ती म्हणाली. "पुढचे दोन थांबवता आले असते."

वहिनीने सुरी खाली ठेवली. "तुझ्या दादाला माहीत आहे हे?"

"माहीत असणार. त्याने कधी विचारलं नाही."

वहिनीने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "खरं बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण आज तू तुझं वाढून घे. मला तुझ्यासमोर बसून घास गिळता यायचा नाही."

बबीने ताट घेतलं आणि मागच्या पायरीवर जाऊन एकटीच जेवली.