काळवत्रीचा आवाज

“सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही,” पुण्यातले घशाचे डॉक्टर म्हणाले.

फिजाने आईकडे पाहिले. रुकसाना भोरच्या एका दवाखान्यात वीस वर्षांपासून नर्स होती. स्वरतंतूंवरच्या गाठी म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावे लागले नाही.

बँडच्या स्पर्धेची मुंबईतली अंतिम फेरी बारा दिवसांवर होती.

घाटातल्या काळ्या, कठीण दगडावरून नाव घेतलेला ‘काळवत्री’ हा फिजाच्या कॉलेजातल्या चौघांचा बँड. मेटलकोअर, म्हणजे किंचाळत गायचा कर्कश रॉक वाजवायचा. गिटार करवतीसारखी चालायची, ड्रमवर भोंगवलीचा धनाजी असायचा आणि पुढे उभी राहून फिजा पोटातून किंचाळायची. २००५ साली कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्याच गाण्याला कुणीतरी त्यांची वीज बंद केली होती. दोन वर्षांत पुण्यातल्या त्यांच्या कार्यक्रमांना हजारभर पोरे येऊ लागली. मुंबईत जिंकले तर अल्बम निघणार होता. रुकसाना एकदा ऐकायला गेली होती. एकही शब्द कळला नाही. लेकीच्या मानेच्या ताणलेल्या शिरा तेवढ्या पाहत बसली.

भोरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी धनाजी घरी आला. चहा समोर ठेवला तरी तो खालीच बघत होता.

“फिजा, आमी दुसरा गायक बघितलाय. पर तू म्हनशील तर न्हाई जायाचं मुंबईला.”

फिजाने वही ओढून ‘जा’ एवढेच लिहिले आणि पाचही गाणी मोठ्या अक्षरांत उतरवायला घेतली. नव्या गायकाला ती पाठ करायची होती.

लिहून झालेली पाने रुकसाना वाचू लागली. तिसऱ्या पानाशी थांबली. वरंधा घाटात दरीत गेलेला टेम्पो, भर पावसात दोरीने वर काढलेला माणूस, शाळेतून बोलावून आणलेली मुलगी. नवरा खालिद त्या अपघातात गेला, त्याला अकरा वर्षे झाली होती. त्याचा विषय तिने घरात कधी निघू दिला नव्हता.

“हे ओरडत हुतीस व्हय तू?”

फिजाने मान हलवली.

रुकसानाने पान पुन्हा वाचले. “त्या दिवशी पाऊस नव्हता,” ती म्हणाली. “लख्ख ऊन हुतं.”

फिजाने ‘पाऊस’ खोडून ‘ऊन’ लिहिले. धनाजी वही घेऊन दुपारच्या एसटीने गेला.

काळवत्री मुंबईत पहिली आली. अल्बम निघाला, पुढे बंगळूर, दिल्ली झाले. फिजाचा आवाज परत आला तो जाडसर होऊन. किंचाळणे डॉक्टरांनी कायमचे बंद केले. पदवी घेऊन ती भोरच्याच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागली. धनाजीचा फोन मात्र येत राहिला.

“नवी गानी बी तूच लिही. दुसऱ्या कुनाची त्या नव्या गायकाला ओरडताच येत न्हाईत.”

एका रविवारी ती लिहायला बसली होती. रुकसाना ड्युटीवरून आली, हातपाय धुतले आणि तिच्यासमोर बसली.

“त्या सकाळी तुज्या अब्बांनी टेम्पो दोनदा सुरू करून बंद केला,” ती म्हणाली. “अंगात कणकण हुती. जावं का नगं, असं चाललं हुतं त्यांचं. म्याच म्हनलं, जावा.”

फिजाने पेन खाली ठेवले. रुकसाना बोलत राहिली.